नवऱ्याच्या वहीतले ठिपके आणि फाइलवरचं 'यशस्वी'

सांजवात

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते. पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

नवऱ्याला वयाच्या अकराव्या वर्षापासून फिट्स यायच्या. लग्नाआधीच त्याने सगळं सांगितलं होतं, लपवाछपवी नव्हती. पाच प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या. खाली पडून हातपाय झाडण्याचा प्रकार क्वचितच व्हायचा. बहुतेक वेळा बोलता बोलता नजर थिजायची, ओठ चाटल्यासारखे व्हायचे, हात शर्टाची बटणं चाचपत राहायचा. दीड-दोन मिनिटांचा खेळ. मग जरा वेळ आपण कुठे आहोत हेच त्याला कळायचं नाही आणि भानावर आला की मलाच विचारायचा, "काही झालं का गं?" असं महिन्यातून सहा-सात वेळा.

एमआरआयमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित छोटा भाग) आकसलेला निघाला (रिपोर्टात 'एमटीएस' लिहितात तो). व्हिडिओ ईईजीत (मेंदूतल्या विजेचा आलेख, सोबत चित्रण) फिट तिथूनच उठताना सापडली. तीन वर्षांपूर्वी तो भाग काढायचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तशी फिट एकदाही नाही.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्याची एक छोटी वही हाती लागली. पानांवर नुसत्या तारखा आणि काही तारखांपुढे पेन्सिलीचे ठिपके. विचारलं तर म्हणाला, "ते पोटातून वर चढल्यासारखं होतं ना, तेवढंच. ती काय फिट नाही." म्हणजे ऑरा, फिटच्या आधीची चाहूल. महिन्याला दोन-तीन, आणि हे तीन वर्षं चाललंय! दर तपासणीला "एकदम मस्त" सांगून घरी आलाय. आता पुढच्या भेटीत गोळ्या कमी करण्याबद्दल बोलणं होणार आहे.

ऑपरेशनआधी आम्हाला 'दहातले सात बरे होतात' असं सांगितलं होतं. आम्ही त्या सातांत की उरलेल्या तिघांत? फाइलवर तर 'यशस्वी' लिहिलंय.

रिकामटेकडा

सातांतच की! भान जात नाही, माणूस पडत नाही, आणखी काय हवं? ठिपक्यांवरून जिवाला घोर लावून घेऊ नका.

मज्जारज्जू

मी न्यूरॉलॉजीत काम करतो, पण इथे कुणाचा डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवतो. तुमच्या डॉक्टरांनी फाइल आणि स्कॅन पाहिलेत, मी नाही.

रिकामटेकडा यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ऑपरेशनचा निकाल मोजायला बहुतेक ठिकाणी एंगल या डॉक्टरांची वर्गवारी वापरतात. त्यात पहिला वर्ग म्हणजे 'त्रासदायक फिट नाही'. 'त्रासदायक' हा शब्द महत्त्वाचा, कारण या एका वर्गाच्या पोटात चार उपवर्ग आहेत. १अ म्हणजे ऑपरेशनपासून काहीच नाही, ऑरासुद्धा नाही. १ब म्हणजे भान न घालवणाऱ्या बारीक फिट्स, ऑरा वगैरे. १क म्हणजे सुरुवातीला आल्या, पण निदान दोन वर्षं बंद आहेत. १ड म्हणजे फक्त गोळ्या थांबवल्यावर आलेली मोठी फिट. तुमचे यजमान १ब. तेव्हा 'यशस्वी' हे खोटं नाही. पण शेजारच्या खाटेवरचा १अ वाला आणि हे एकाच टक्क्यात मोजले गेलेत हेही खरं.

एपिलेप्सीवर (फिट्सच्या आजारावर) काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय लीगने (आयएलएई) 2001 साली दुसरी पट्टी आणली. तिच्यात पहिल्या वर्गात ऑराही चालत नाही. फक्त ऑरा असेल तर वर्ग दोन. तिसऱ्यापासून पुढे वर्षातले फिटचे दिवस मोजतात.

आणि आता जरा कान उपटतो, राग मानू नका. ऑरा हीसुद्धा फिटच असते. मेंदूच्या छोट्या भागात सुरू होऊन तिथेच विझलेली. ती मोठ्या फिटची सूचना आहे असं आपण म्हणतो, पण ईईजीच्या तारांना ती सूचना वाटत नाही, फिटच दिसते. गोळ्या कमी करण्याआधी डॉक्टरांना हे कळायलाच हवं.

गणितोबा

हा माझा आवडता विषय (भाचीच्या आजारपणात नाइलाजाने आवडता झालेला). टक्केवारी ऐकली की आधी विचारायचं, कशाचे टक्के?

या क्षेत्रातला गाजलेला प्रयोग 2001 चा, कॅनडातला. टेम्पोरल लोबच्या (कानाच्या बाजूचा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस त्यातच) फिट्स असलेले 80 जण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, 40 जणांना ऑपरेशन आणि 40 जणांना वर्षभर औषधंच. वर्षाअखेर भान घालवणाऱ्या फिट्सपासून सुटलेले ऑपरेशनच्या गटात 58 टक्के, औषधांच्या गटात 8. सगळीकडे हाच आकडा सांगतात. त्याच प्रयोगात ऑरा धरून काहीही न आलेले किती? 38 टक्के आणि 3 टक्के. माणसं तीच, वर्ष तेच, फक्त पट्टी बदलली आणि वीस टक्के गळाले.

आणखी एक गंमत. त्या 58 मध्ये ऑपरेशनच्या गटात पडलेले पण काही कारणाने ऑपरेशन न झालेले चौघंही धरलेत. प्रत्यक्ष ऑपरेशन झालेल्यांचंच पाहिलं तर 64.

सांजवात, तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते उत्तर असं, की 'सात' सांगणाऱ्याने कोणती पट्टी लावली होती ते तुम्हाला सांगितलंच नाही.

सांजवात

डोकं गरगरलं, पण मुद्दा पोचला. @मज्जारज्जू, ऑरा राहिल्या तर पुढे मोठ्या फिट्स परत येतात का? स्पष्ट सांगा, मी ऐकू शकते.

मज्जारज्जू

येतातच असं नाही. शक्यता वाढते.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या न्यूरॉलॉजी रुग्णालयातल्या 615 प्रौढांचा पाठपुरावा 2011 मध्ये छापून आला. 1990 ते 2008 मधली ऑपरेशनं, काहींचा पाठपुरावा तर अठरा-एकोणीस वर्षांचा. भान घालवणाऱ्या फिट्सपासून पाच वर्षं सलग सुटलेले 52 टक्के, दहा वर्षं सलग 47 टक्के. लक्षात घ्या, पहिल्या पाच वर्षांत गळती बरीच आणि पुढच्या पाचांत फक्त पाच टक्क्यांची. वर्षं सरतात तसा पाय घट्ट रोवला जातो. त्याच अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत फक्त ऑरा येणाऱ्यांना पुढे मोठी फिट येण्याचा धोका काहीच न येणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला. तुमच्याकडे तीन वर्षं निभावलीत, ही जमेची बाजू.

गोळ्यांचंही सांगतो. त्या अभ्यासात शेवटच्या भेटीला फिट नसलेल्यांपैकी जेमतेम 28 टक्क्यांच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या होत्या. लोक ऑपरेशन करतात ते गोळ्या सुटतील म्हणून, आणि तिथेच हिरमोड होतो. ऑपरेशनने गोळ्यांना काम करायला जागा मिळते, असं मी पेशंटना सांगतो.

अबोली

मी स्वतः ऑपरेशन करून घेतलेली. डावी बाजू. सहा वर्षं झाली, फिट नाही, ऑराही नाही. म्हणजे मी ती १अ वाली.

तरी कुणी "पूर्ण बरी झालीस ना?" विचारलं की क्षणभर थांबते. शब्द अडकतात माझे. वस्तू समोर असते, उपयोग माहीत असतो, नाव येत नाही. 'ते... कागद जोडायचं... दाबतात ते' असं करत स्टेपलरपर्यंत पोचते. पहिल्या वर्षी तर भाच्यांची नावंही अदलाबदल व्हायची. शिकवायचं काम करत होते, आता वर्गासमोर उभी राहत नाही, पाठ्यसाहित्य तयार करते.

ऑपरेशनआधी मानसशास्त्रज्ञांनी दोन दिवस चाचण्या घेतल्या होत्या. शब्दांच्या याद्या, गोष्ट ऐकून परत सांगणं, चित्रांची नावं. तुमची शब्दांची स्मरणशक्ती चांगली आहे, म्हणून तुम्हाला गमावण्यासारखंही जास्त आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा ते वाक्य कौतुकासारखं ऐकू आलं.

पश्चात्ताप? नाही. रस्ता ओलांडताना फिट येऊन गाडीखाली जाता जाता वाचलेय मी. पण फाइलवरच्या त्या १अ मध्ये माझा स्टेपलर कुठेच नाही.

मज्जारज्जू

अबोली, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे पेशंटनेच सांगावं लागतं.

बाकीच्यांसाठी पुस्ती जोडतो. डाव्या टेम्पोरलच्या ऑपरेशननंतर शब्दांची स्मृती घटणारे साधारण 44 टक्के, उजव्यानंतर 20, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं. डाव्या बाजूला नावं अडणं तिघांत एकाला. हिप्पोकॅम्पस आधीच पुरता आकसलेला असेल तर नुकसान कमी, कारण तो काम करतच नसतो. धडधाकट दिसणारा काढला तर जास्त. म्हणून तर ते दोन दिवसांचे पेपर. दृष्टीचंही आहे. टेम्पोरल लोबमधून जाणाऱ्या दृष्टीच्या तंतूंना धक्का लागला तर विरुद्ध बाजूचा वरचा कोपरा दिसेनासा होतो. बऱ्याच जणांना ते तपासणीतच कळतं, पण पुढे गाडी चालवण्याच्या परवान्याला अडू शकतं.

चष्मिष्ट

अवांतर: स्मृतीवरून हेन्री मोलेसन हे गाजलेले पेशंट आठवले. 1953 मध्ये फिट्ससाठी दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात ठेवणं कायमचं गेलं. 2008 मध्ये गेले, तोवर त्यांना भेटणारी संशोधक मंडळी त्यांच्यासाठी रोज नवीन. आज दोन्ही बाजू कुणी काढत नाही, ते त्यांच्यामुळे.

उंबरठा

सगळे टेम्पोरलवालेच दिसताहेत. आमच्यासारखे फ्रंटलवाले (मेंदूच्या पुढच्या भागातल्या फिट्सवाले) धाग्यावर फिरकत नाहीत, कारण सांगण्यासारखं चांगलं कमी असतं.

माझा धाकटा भाऊ. एमआरआय साफ. म्हणजे दिसण्याजोगं काहीच नाही. पेट स्कॅन झालं, मग कवटीला बारीक छिद्रं पाडून आत तारा घालतात ते एसईईजी. दहा दिवस डोक्याला तारा लावून पडून होता, फिट यायची वाट बघत. विचित्रच असतं ते. एरवी येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे आणि तिथे आली नाही म्हणून घरचे हवालदिल. उजव्या फ्रंटलमध्ये उगम सापडला असं वाटलं, काढला. चार महिने शांत गेले. मग पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, कड आणखी वाढवून. आता रोज रात्री पाच-सहा यायच्या त्या आठवड्याला दोन.

एंगलच्या पट्टीवर आमचा नंबर तिसरा. वर्गाचं नाव आहे 'फायदा झाला म्हणावं असा सुधार'. आई म्हणते, दोन पेपर देऊन पास क्लास. भाऊ स्वतः मात्र खूश आहे. रात्रीची झोप मिळते, दिवसा कामाला जातो. रागावतो तो फक्त एकाच गोष्टीवर. त्या चार महिन्यांत सगळ्यांनी त्याला 'आता तू नॉर्मल' म्हणून हार घातले होते.

गणितोबा

उंबरठा, तुमचा मुद्दा आकड्यांतही दिसतो. 2005 च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात लांब पल्ल्यात फिट न राहिलेले टेम्पोरलमध्ये 66 टक्के, मागच्या पराएटल-ऑक्सिपिटल भागात 46, फ्रंटलमध्ये 27. त्यात एमआरआय साफ असेल तर गणित अजून अवघड. उलट छोटी मंद गाठ किंवा आकसलेला हिप्पोकॅम्पस असेल तर निकाल सगळ्यांत चांगले. म्हणजे 'दहातले सात' हा आकडा एका विशिष्ट खोलीचा आहे, अख्ख्या इमारतीचा नाही. तुम्हाला सुरुवातीला काय सांगितलं होतं?

उंबरठा

"चांगला चान्स आहे." बस्स. आम्हीही पुढे विचारलं नाही, चूक आमचीही आहे.

पारिजात

माझ्या मुलीचं वेगळंच. जन्मापासून मेंदूचा डावा अर्धा भाग बिघडलेला, दिवसाला पन्नास-साठ फिट्स. चार वर्षांची असताना तो अर्धा भाग उरलेल्यापासून तोडून वेगळा केला (हेमिस्फेरोटॉमी). उजव्या हाताची बोटं नीट चालणार नाहीत, उजवीकडचं अर्धं दिसणार नाही, हे आधीच लिहून दिलं होतं. तसंच झालं. चालते मात्र. आणि बोलते! डावा भाग गेला तरी, लहान असल्यामुळे भाषा दुसरीकडे सरकली म्हणतात. आता नऊची आहे, बोलून भंडावून सोडते.

दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर प्रयोग झाला होता, 2017 मध्ये छापला गेला. वर्षाने फिट नसलेली ऑपरेशनवाली 77 टक्के, नुसत्या औषधांवरची 7. पण ऑपरेशनच्या गटात तिघांत एकाला गंभीर दुष्परिणाम नोंदवलाय, त्यात अंगाची एक बाजू लुळी पडणंही आहे. आमच्यासारख्यांना तो आकडा घाबरवत नाही, कारण आम्ही तो सही करून घेतलेला असतो.

नवीनच_आहे

विषयांतर वाटेल, पण विचारते. भाऊ 26 चा, फोकल एपिलेप्सी (मेंदूच्या एका भागातून उठणाऱ्या फिट्स), चौथी गोळी चालू आहे. ऑपरेशन म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. "डोक्याला हात लावायचा नाही, अजून एक नवीन औषध आलंय ते बघू." किती वाट बघायची असते?

मज्जारज्जू

विषयांतर अजिबात नाही, मला तर वाटतं मूळ विषय हाच आहे.

दोन. योग्य निवडलेली, पुरेशा डोसची, सोसलेली दोन औषधं देऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर त्याला औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात. व्याख्या 2010 पासून ठरलेली आहे. दोनच का? ग्लासगोच्या 525 रुग्णांचा अभ्यास 2000 मध्ये आला. त्यातल्या आधी औषध न घेतलेल्या 470 जणांपैकी पहिल्याच औषधाने 47 टक्के शांत झाले, दुसऱ्याने आणखी 13, त्यानंतर जे काही दिलं त्याने सगळं मिळून चारच्या आसपास. तिसरी-चौथी गोळी लागू पडत नाही असं नाही, पण तिच्या भरवशावर दशकं काढू नयेत. आणि निघतात. फिट सुरू झाल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत सरासरी वीसेक वर्षं जातात, जगभर.

तपासणीला जाणं म्हणजे ऑपरेशनला होकार नाही. कित्येक जण तपासून 'तुमच्यात करण्यासारखं नाही' ऐकून परत येतात. काहींचं निदानच चुकलेलं निघतं, एपिलेप्सी नसतेच.

घरच्यांची भीती मोजायची असेल तर दोन्ही पारडी मोजा. टेम्पोरल ऑपरेशनच्या आसपास मृत्यू साधारण 0.4 टक्के, इतर भागांत 1.2. हा धोका एकदाच. दुसऱ्या पारड्यात बुडणं, भाजणं, पडणं आणि झोपेत अचानक मृत्यू (सूडेप). एपिलेप्सी असलेल्या प्रौढांत एकूण पाहता सूडेप वर्षाला हजारात एक, औषधांना दाद न देणाऱ्यांत त्याच्या कित्येक पट. आणि तो दरवर्षी नव्याने.

रिकामटेकडा

लेझरने करतात म्हणे आता, कवटी न उघडता?

मज्जारज्जू

करतात. बारीक छिद्रातून तंतू घालून हिप्पोकॅम्पस जाळतात. माणूस लवकर घरी जातो, नावं अडण्याचा त्रास कमी दिसतो. फिट पूर्ण थांबण्याचं प्रमाण मात्र उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडं कमी, निम्म्याच्या थोडं वर. नाही जमलं तर उघडं ऑपरेशन नंतर करता येतं. अबोलींसारख्या डाव्या बाजूच्या, चांगल्या स्मृतीच्या माणसाला हा विचार करण्यासारखा. व्हेगस नर्व्हचं यंत्र (मानेतल्या नसेला विजेचे हलके झटके देणारं) हे अजून वेगळं. त्याने फिट्स कमी होतात, पूर्ण थांबणं क्वचितच.

सांजवात

सगळ्यांचे खूप आभार. अजून एक विचारायचं राहिलंय, जरा खाजगी आहे.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष आमचं सगळ्यात वाईट गेलं. फिट नाही, तरी वाईट! चिडचिड, रात्र रात्र जागणं, एकदा म्हणाला, "आता नोकरी नाही मिळाली तर कारण काय सांगू?" मला तेव्हा अर्थ लागला नाही. मी उलट चिडले की इतकं सगळं झालं आणि तू असा.

अबोली

अगं सेम. आधी 'फिट्स आहेत' म्हटलं की कुणी काही अपेक्षा करायचं नाही. नंतर सगळे म्हणतात, आता काय, आता तू ठीक आहेस! वीस वर्षांचं राहिलेलं सगळं एका वर्षात करून दाखवायचं. ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञांनी याला नावच दिलंय, साधारण मराठीत 'नॉर्मल असण्याचं ओझं'. ऑपरेशननंतरच्या वर्षात नैराश्य नव्याने सुरू होणारेही बरेच असतात. मला गोळी घ्यावी लागली, दहा महिने. त्याला चिडू दे, पण कुणाशी तरी बोलू दे.

सांजवात

कालची गोष्ट सांगून थांबते.

धागा त्याला वाचायला दिला. आधी रागावला, "माझी वही चव्हाट्यावर?" मग अख्खा वाचला, अबोलींचा प्रतिसाद दोनदा. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, फाइलवरचा तो शब्द जाईल म्हणून.

मग स्वतःहून म्हणाला, "आधीच्या फिट्स मी एकही पाहिलेली नाही. तू मोजायचीस, तू तारखा लिहायचीस, मी फक्त ऐकायचो. हे ठिपके मला कळतात. येतात तेव्हा मी असतो तिथे. म्हणून लिहून ठेवतो."

सोमवारी भेट आहे. वही घेऊन जातोय. गोळ्या कमी करायचं डॉक्टर म्हणाले तरी यंदा नको, असं त्यानेच ठरवलंय. आणि जुन्या तारखांचं माझं रजिस्टर कुठे आहे ते विचारत होता, शोधून ठेवायचंय.